नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं करताना

आमच्या चर्चच्या मंडळीत शेवटचं कीर्तन कधी झालं, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी. कुणी म्हणतं, नाही, त्यानंतरही एकदा नाताळात पुण्याहून एक कीर्तनकार आले होते आणि मुलं पहिल्या पदालाच झोपली होती. मजा अशी की ख्रिस्ती कीर्तनाचं माहेर आमचं नगरच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली इथे आले. त्यांच्या भाषांतरित गीतांच्या चाली इथल्या कानांना परक्या होत्या. त्याच शतकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी हातात चिपळ्या घेऊन येशूची आख्यानं लावायला सुरुवात केली. पुढे नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नगरकर झाले. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं त्यांची आहेत. हे सगळं आम्ही स्मरणिकांमध्ये वाचतो, ऐकायला मात्र मिळत नाही. रविवारी गिटार, कीबोर्ड आणि ड्रम असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ड्रमवर माझाच भाचा असतो.

२२ मार्च २०२५ रोजी आमच्या चर्चच्या आवारात मी कीर्तन केलं. तयारी ऑक्टोबरपासून सुरू होती. त्या काळात कुणाला काही विचारावं तर माणूस सापडत नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवतेय. मी गायिका नाही आणि धर्मशास्त्रही शिकलेली नाही. एका खासगी कंपनीत हिशेब लिहिते आणि क्वायरमध्ये मागच्या रांगेत उभी राहते.

पहिला प्रश्न शिकवणार कोण हा होता. चौकशी करता करता एक मास्तर कळले. जुन्या मिशन शाळेत आयुष्य काढलेले, वय ऐंशीच्या पुढे, राहणं नेवाशाच्या बाजूला. दसरा झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी आवाज ऐकला नाही, की मला काय येतं हेही विचारलं नाही. विचारलं एवढंच, “दोन तास उभी राहशील का?”

हा प्रश्न किती खरा आहे ते नंतर कळलं. कीर्तनकाराला बसायची सोय नसते. गाणं, बोलणं, चिपळ्या वाजवणं आणि वादकांना खुणा करणं, सगळं उभ्यानेच. नोव्हेंबरात मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून पाठांतर करायला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात गळ्याआधी टाचा बोलल्या. हे शिकायचं असेल तर पहिल्या दिवसापासून उभं राहूनच सराव करा. बसून पाठ केलेलं पद उभं राहिल्यावर श्वासात बसत नाही.

मास्तरांकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात रूथचं, दानीएलाचं आणि उधळ्या पुत्राचं अशी आख्यानं शाईने लिहिलेली आहेत, बाजूला चालींची नावं. मी मोबाइल काढला तर म्हणाले, “फोटो नको. लिहून घे. लिहिताना अर्धं पाठ होतं.” मग एक आड एक शनिवारी एसटीने नेवासा फाट्यापर्यंत आणि तिथून पुढे रिक्षाने, असं सुरू झालं. जानेवारीच्या शेवटी एसटीची भाडेवाढ झाली, तरी बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास परवडला. मास्तरांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. एकदा जबरदस्तीने पाकीट ठेवलं, तर पुढच्या वेळी तेच पाकीट माझ्या वहीत घालून परत केलं. शेवटी मी त्यांच्या चष्म्याची काच बदलून आणली, ती त्यांनी घेतली.

मला आख्यान करायचं होतं ते शोमरोनी स्त्रीचं, योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय. सूखार गाव, याकोबाची विहीर, टळटळीत दुपार. एक बाई एकटीच पाण्याला येते. विहिरीवर दमलेला येशू बसलाय. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि तिला नवल वाटतं, कारण यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं घेत नसे. आता ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागते का? दुपारची विहीर, हातचं पाणी, लांबून येणारी बाई, यातलं काहीच आम्हाला नवं नाही. मला हेच आख्यान हवं होतं ते यासाठीच. अडचण एवढीच होती की मास्तरांच्या वहीत ते नव्हतं. “मग लिही,” ते म्हणाले, जणू बाजाराची यादी लिहायची होती.

लिहायला बसण्याआधी त्यांनी मला एक काम दिलं. नेवाशाला जाऊन पैस खांबाच्या मंदिरात थोडा वेळ बसायचं आणि ओवी ऐकायची. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तो हा खांब. मी थोडी बिचकत गेले. आत काही बायका पारायणाला बसल्या होत्या. मी मागे बसले, कुणी काही विचारलं नाही. ओवी चालते कशी, कुठे थांबते, श्वास कुठे घेते, हे पुस्तकातून मला कधी कळलं नसतं. परत आल्यावर मास्तरांनी ‘ख्रिस्तपुराणा’चं सांगितलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत बायबलची कथा रचली आणि १६१६ साली राशोलला ती छापली. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत छापली. “ओवी कुणाच्या बापाची नाही,” मास्तर म्हणाले. हे वाक्य मी पुढे मंडळीच्या कमिटीसमोर वापरायचं म्हणून जपून ठेवलं, अर्थात बापाला वगळून.

रचना सांगते, कारण नवख्याला तीच आधी हवी असते. मास्तरांचं कीर्तन नारदीय पद्धतीचं आहे. आधी नमन. मग मूळ पद आणि त्यावर निरूपण, हा पूर्वरंग. मध्ये सगळ्यांनी मिळून भजन, तेवढ्यात कीर्तनकाराला हार घालतात आणि पाणी पिऊन घेता येतं. मग उत्तररंगात आख्यान. त्यात गद्य निवेदन आणि मधूनमधून साकी, दिंडी, ओवी, कटाव अशा निरनिराळ्या चालींची पदं. शेवटी आख्यान फिरून मूळ पदाशी आणायचं. मंदिरात यानंतर आरती होते, आमच्याकडे प्रार्थना आणि अर्पण. पूर्वरंग पंचवीस मिनिटांच्या वर नेऊ नये, असा मास्तरांचा दंडक आहे. लोक आख्यानासाठी आलेले असतात आणि निरूपण लांबलं की त्याचा रविवारचा संदेश होतो. “रागवायचं नाही,” असंही त्यांनी बजावलं. संदेश देणारा वरून बोलतो, कीर्तनकार मंडळींच्या पातळीवर उभा असतो, त्याने बोट दाखवलं की संपलं.

पदं रचणं मला सगळ्यांत अवघड जाईल असं वाटलं होतं. उलट तेच सगळ्यांत आनंदाचं निघालं. साकीच्या ओळीत पहिल्या तुकड्याला सोळा मात्रा आणि दुसऱ्याला बारा. बाई विहिरीकडे निघते तिथली साकी मी अशी केली :

दुपार तापे माथ्यावरती, पोळे पायी धोंडा ।
एकलीच ती घेउन घागर, पदर ओढिते तोंडा ॥

पहिल्या खर्ड्यात ‘तापे’च्या जागी ‘पेटली’ होतं. मास्तरांनी डोळे मिटून बोटांवर मोजलं आणि म्हणाले, “एक जास्त आहे, तबलजी अडखळेल.” ‘पेटली’ सोडवत नव्हतं, पण गाऊन पाहिल्यावर पटलं. ‘घेऊन’ ऱ्हस्व करून ‘घेउन’ केलं तेही याच हिशेबाने. शाळेत मराठीच्या बाईंनी मात्रा शिकवल्या तेव्हा कंटाळा आला होता. आता बसमध्ये खिडकीशी बसून बोटं मोजत असायचे आणि शेजारच्या बायका बघायच्या.

पट्टीचा, म्हणजे आवाज किती वर-खाली लावायचा याचा, घोळ कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. जुन्या चाली पुरुष कीर्तनकारांच्या. मास्तर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातात. तिथे माझा आवाज नुसता घरघरतो. सगळी पदं काळी चारमध्ये उचलली तेव्हा कुठे जीव आला. पेटीवाल्याला त्याने फारसा फरक पडत नाही, तबलजीला पडतो. पुरुषांच्या साथीचा तबला एवढ्या वर चढवायला गेलं तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटायची भीती. लहान तोंडाचा, टिपेचा तबला लागतो. आमच्या तबलजींकडे तो नव्हता. त्यांनी एका लावणीच्या फडातल्या ओळखीच्या वादकाकडून दोन दिवसांसाठी आणला. चर्चमध्ये हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता कळेल.

नाताळ संपेपर्यंत आख्यान तयार झालं आणि खरा गुंता निरूपणात सुरू झाला. मला माझ्या पणजीची विहीर त्यात आणायची होती. गावात दोन विहिरी, आमच्या वाड्याची, म्हणजे अस्पृश्य वस्तीची, वेगळी, उन्हाळ्यात ती आधी आटायची. मग गावच्या विहिरीवर जाऊन, कुणी वरून ओंजळीत किंवा घागरीत ओतेल याची वाट पाहत उभं राहायचं. आजीने हे मला कितीदा सांगितलंय. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हेही त्या विहिरीच्या काठावर बोलायचं होतं. येशू त्या बाईला आधी उपदेश करत नाही, तिच्या हातचं पाणी मागतो. माझ्या मते सगळं निरूपण एवढंच होतं.

महिला मंडळातल्या एका मावशींना मी ते वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बाळा, छान लिहिलंस. पण ते विहिरीचं काढून टाक. आपण आता ख्रिस्ती आहोत. झाकलेलं उघडू नये.” त्यांचं भय मला कळत होतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे विहीर वेगळी होती ती पूर्वजांची, पण कागदावर तुम्ही त्यांचे वारस नाही. अशा घरांमध्ये जात हा विषय निघाला की आधी दार लावून घेतात. मी मावशींना लगेच उत्तर दिलं नाही. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, “तुझ्या पणजीचं आहे ना? मग तुझं आहे. दुसऱ्याच्या पणजीचं सांगू नको.” मी ‘आपली विहीर’ असं होतं तिथे सगळीकडे ‘माझ्या पणजीची विहीर’ केलं आणि भाग ठेवला.

आता अर्जांचं. मंडळीत काहीही करायचं तर पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची, परवानगी लागते आणि कमिटी महिन्यातून एकदा बसते. त्यामुळे अर्ज पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत येईल अशा बेताने द्या, नाहीतर महिना गेला. मी जानेवारीत पाळकसाहेबांकडे दिला : विषय, शास्त्रभाग, वेळ, जागा, खर्चाचा अंदाज आणि संहितेची प्रत. प्रत जोडली हे बरं झालं, कारण बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी पहिल्याच वाक्याला “हे आपलं नाही, ही हिंदूंची पद्धत,” असं सांगितलं. मला उत्तर द्यावंच लागलं नाही. दुसऱ्या एका आजोबांनी ‘उपासना संगीत’ उघडून त्यातल्या टिळकांच्या अभंगांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मग हे पण फाडायचं का?” तरुण संघाचा आक्षेप वेगळाच होता. एवढा वेळ कोण बसेल? हा प्रश्न मला जास्त लागला. शेवटी दीड तासाची मर्यादा घालून ठराव झाला आणि मंडळीच्या निधीतून ३,००० रुपये मंजूर झाले. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, पुढे पोलीस ठाण्यात ती लागते.

पोलीस ठाण्याची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती. आवार आमचंच असलं, तरी उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी हवी. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. सोबत मंडळीच्या लेटरहेडवर पाळकांचं पत्र, जागेबद्दल ट्रस्टचं नाहरकत पत्र, कमिटीच्या ठरावाची प्रत, साउंडवाल्याचं नाव आणि नंबर, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, किती लोक येतील त्याचा अंदाज आणि आवाजाची मर्यादा पाळू असं हमीपत्र. हमीपत्राला स्टॅम्पपेपर लागेल की काय, म्हणून मी घाबरले होते, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा बाँड जाऊन पाचशेचा आला. पण आमचं साध्या कागदावर चाललं. वरती अहिल्यानगर लिहा, बोलताना नगर म्हटलं तरी अजून कुणी हरकत घेत नाही.

मला आधी ५ एप्रिल हवी होती. टेबलामागच्या बाईंनी कॅलेंडर वळवून दाखवलं : ६ तारखेला रामनवमी, आदल्या दिवशी सगळा बंदोबस्त तिकडे. त्याआधीचा शनिवार म्हणजे पाडव्याची आदली संध्याकाळ आणि रमजान ईदेची तयारी. मग २२ मार्च ठरला. तो जागतिक जलदिन असतो, हे मला घरी आल्यावर भाच्याने सांगितलं. शहाण्याने तारीख ठरवण्याआधी सगळ्या धर्मांचं कॅलेंडर समोर ठेवावं.

“नाटक आहे का? तिकीट आहे का?” असं विचारलं गेलं. नाटक असतं तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र दाखवावं लागलं असतं, त्यासाठी संहिता आधी मुंबईला पाठवावी लागते. आमचं कीर्तन आणि विनातिकीट, म्हणून आम्हाला ते मागितलं नाही. तुमचं मिश्र स्वरूपाचं काही असेल, पात्रं वगैरे असतील, तर हे आधीच विचारून घ्या.

चार दिवसांनी गोपनीय शाखेच्या हवालदारांचा फोन आला. भेटायला गेले. त्यांनी सरळ विचारलं, “धर्मांतराचा कार्यक्रम आहे का?” गळा कोरडा पडला. हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी. मी म्हटलं, मंडळीच्याच लोकांसाठी आहे, येईल त्याला बसता येईल, आणि पिशवीतून सगळी संहिता काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. “चिपळ्या पण वाजवणार?” हो म्हटलं. “अभंग कुठल्या चालीत?” मी चाल गुणगुणून दाखवली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. संहितेची एक झेरॉक्स ठेवून घेतली आणि परवानगी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी हातात आली. तोपर्यंत खुर्च्यांचा ॲडव्हान्स देऊन बसलो होतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि तरीही शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागेल हे धरून चाला.

परवानगीच्या अटी नेहमीच्याच : रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आवाज ठरलेल्या डेसिबलच्या आत, शांतता क्षेत्रात नाही. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. मंडळीच्या आवारातच शाळा असेल, आमच्याकडे अनेक ठिकाणी असते, तर हे आधी तपासून घ्या. आमची सुदैवाने बरीच लांब आहे.

माइकबद्दल एक. कॉलर माइक लावू नका. चिपळ्या छातीजवळ वाजतात आणि त्यांचा खडखडाट शब्दांच्या वर जातो. तालमीत हे लक्षात आलं तेव्हा साउंडवाल्याने उभ्या स्टँडचा माइक दिला. फिरता येत नाही, पण ऐकू येतं. आणि भजनाची पदं मोठ्या टाइपात छापून वाटा. लोकांना म्हणायची इच्छा असते, शब्द आठवत नाहीत.

२२ तारखेला वेळ साडेसातची ठेवली होती. रमजान चालू होता. शेजारची गल्ली इफ्तार करून मोकळी झाल्यावर सुरू करावं, असं पाळकसाहेबांनीच सुचवलं. मास्तर दुपारीच आले होते. पहिल्या रांगेत बसायला नाही म्हणाले, बाजूला भिंतीशी बसले. मी साधी सुती साडी नेसले. नऊवारीचा आग्रह झाला होता, पण पायात साडी अडकायच्या भीतीने चिपळ्या सुचल्या नसत्या. नमनाला आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्याला तबलजींनी ठेका जरा ठाम केला आणि मी सावरले.

विहिरीच्या भागाला आले तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून फाटकाकडे गेले. मला वाक्य तोडावंसं वाटलं, तोडलं नाही. पणजीचं सांगितलं, महाडचं सांगितलं. मावशी तिसऱ्या रांगेत होत्या, मान खाली. मग इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान सुरू झाली. हे आधीच ठरलं होतं. मी हात जोडून थांबले, माइक बंद झाला, तबलजींनी तेवढ्यात हातोडीने तबला लावून घेतला. त्या दोन-तीन मिनिटांत कुणी उठलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या थांबण्याची गरज होती. अजान संपल्यावर भजन घेतलं आणि उत्तररंग सुरू केला. फाटकापाशी गेलेले गृहस्थ तोवर परत येऊन बसले होते. त्यांना काय वाटलं ते मी अजून विचारलेलं नाही.

आख्यान मात्र धावलं. बाई घागर तिथेच टाकून गावात पळत सुटते तिथे कटाव होता. त्याचा वेग पकडताना श्वास पुरेना आणि शेवटच्या दोन ओळी मी अक्षरशः म्हणून टाकल्या. पोरं हसली, टाळ्याही पडल्या. घागर टाकते म्हणजे पाणी भरायला आली होती तेच विसरते, हे समोरच्या बायकांना सांगावं लागलं नाही. एकीने मोठ्याने “अगंबाई!” म्हटलं. नऊ वीसला प्रार्थना झाली.

दोनशे खुर्च्या होत्या, दीडशेच्या आसपास भरल्या. तरुण संघाची पोरं शेवटपर्यंत बसली, निदान माझा भाचा तसं सांगतो. मावशी चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या, मूठभर खारी माझ्या हातात ठेवली आणि त्यांच्या आईच्या गावची विहीर कोणत्या बाजूला होती ते सांगायला लागल्या. मी ऐकत राहिले, कारण त्यांना थांबायचं नव्हतं.

हिशेब लिहायची सवय आहे म्हणून तोही देते. साउंड ४,५००. पेटी आणि तबला दोघांचं मानधन प्रवासासकट ६,०००. खुर्च्या दोनशे, सात रुपयांप्रमाणे १,४००. चहा-खारी २,१००. झेरॉक्स आणि छपाई ४५०. हार १५०. एकूण १४,६००. अर्पणात ९,८७० आले, मंडळीचे ३,०००, उरलेले १,७३० मी घातले. एप्रिलच्या बैठकीत पावत्यांसकट सादर केलं. पावत्या मागतील म्हणून नाही, पुढच्या वेळी निधी मागताना बरं पडतं म्हणून.

मास्तरांनी आता वहीचे फोटो काढू दिलेत. दोन पानांवर शाई उडाली आहे, तिथली पदं त्यांच्या तोंडून ऐकून मी लिहून घेतेय. राहुरीकडच्या एका मंडळीने रूथच्या आख्यानासाठी विचारलंय. तिथे हॉल आहे, त्यामुळे उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाचा प्रश्न नाही, पण कमिटी आहेच. माझा अर्ज त्यांच्या जूनच्या बैठकीत येईल. तबलजींनी टिपेचा तबला विकत घ्यायचं ठरवलंय, भाव विचारून सांगतो म्हणाले.